साहेबांच्या खांद्यावरचं घोंगडं

समाजातली चार शहाणी माणसं म्हणायलीत, मी माफी मागावी. कशाची माफी? तर साहेबांच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं, त्याची. व्हय, ओढलं. भर चौकात, समद्या गावादेखत ओढलं. उद्या तशी पाळी आली तर परत ओढीन.

आमचं घर बिदर जिल्ह्यात, ठाणाकुशनूरच्या पलीकडं. महाराष्ट्राची शीव तिथनं जवळच. आम्ही धनगर. आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. आता दारात मोजकी मेंढरं उरलीत आणि घरातले बाकी समदे दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. पण माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, घोंगड्याचा माग काही सोडला न्हाई. मेंढरं कातरायची त्यानंच, घोंगडं विणायचं त्यानंच. मी नवऱ्यामागं माहेरी आले ती त्याच्याच आधारानं. लोकर मी कातते, चिंचोके शिजवून खळ मी करते, विणायला तो बसतो. बसायचा, म्हणायला पाहिजे आता.

आमच्यात मोठा पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर घोंगडं टाकतात. टाकणारा दोन्ही तळहातांवर घडी घेऊन पुढं येतो. एकदा टाकलं की ते ज्याचं त्यानंच उतरवायचं. दुसऱ्यानं हात लावला म्हणजे पाहुण्याची अब्रू काढली. ही रीत मला लहानपणापासून पाठ हाय. कुणी शिकवायची गरज न्हाई.

तालुक्याच्या गावी रस्त्यासाठी साहेबांच्या पक्षाचा मोर्चा निघायचा होता. रस्ता खरंच वाईट, त्यात खोटं न्हाई. समाजाचे लोक घरी आले आणि म्हणले, "अण्णा, साहेब येणार हाईत. तुझ्या हातचं घोंगडं पाहिजे, आणि टाकायलाबी तूच पाहिजेस." अण्णा लई खूश झाला. धुतलेलं धोतर, नवा पटका, स्वतःच्या खांद्यावर जुनं घोंगडं, असा तयार होऊन निघाला. मीबी गेले. आम्हा बायकांना अगदी पुढं बसवलं. बायका पुढं असल्या की फोटो चांगला येतो म्हणे!

अण्णानं साहेबांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं. टाळ्या झाल्या. मग मोबाईल काठीला लावून फिरणारा एक पोरगेला माणूस आला, साहेबांचा फिल्म काढणारा. त्यानं अण्णाकडं वरून खाली बघितलं आणि म्हणला, "दोघांच्याबी अंगावर घोंगडं नको. साहेब उठून दिसायला पाहिजेत." असं म्हणून अण्णाच्या खांद्यावरचं जुनं घोंगडं काढलं, कुठंतरी खुर्चीवर टाकलं, आणि गळ्यात पक्षाचं चकचकीत उपरणं घातलं. त्या पातळ, सुळसुळीत नायलॉनी कापडाचं. अण्णाचं घोंगडं उतरवताना त्याला कुणी रीत सांगितली न्हाई बरं का! तवा कुणाची अब्रू गेली न्हाई.

मग चौकाच्या मधोमध मंत्र्याचा पुतळा आणला. कडब्याचा, वर फाटका सदरा. बाटलीतनं पेट्रोल ओतलं, काडी लावली, घोषणा झाल्या. भडका उडाला आणि पुतळा निम्मा जळून धुमसायला लागला. झालं ना काम? रस्त्याचं काय व्हायचं ते झालं. घरी जायचं की न्हाई?

पण फिल्म काढणारा ओरडला, "थांबा थांबा! साहेबांच्या तोंडावर धूर आला. परत एकदा!"

परत एकदा. म्हणजे नाटकातला प्रवेश होता तो. साहेबांनी केस नीट केले, घोंगडं खांद्यावर सारखं केलं. अण्णाला दंडाला धरून पुतळ्याजवळ सरकवलं, कारण पटकेवाला धनगर चित्रात पाहिजे. अण्णा बिचारा हसत उभा राह्यला. आणि एका कार्यकर्त्यानं दुसरी बाटली उघडून त्या धुमसत्या कडब्यावर ओतली. धुमसत्या! चूल पेटवणारी कुठलीबी बाई सांगंल, असं करू नको बाबा म्हणून. पण आम्हा बायकांना तिथं तोंड नव्हतं, नुसता फोटो होता.

जाळ बाटलीकडं उलटा आला. त्या माणसानं बाटली फेकून दिली, ती अण्णाच्या पायाशी. उपरण्याची टोकं पेटली. अण्णानं दोन्ही हातांनी ते गळ्यातनं ओढून काढायला बघितलं, आणि ते वितळून त्याच्या हातांना चिकटलं. तो हात झटकायला लागला, पण कापड सुटंना.

लोकरीला जाळ धरत न्हाई, हे आमच्यात लेकरालाबी ठावं असतं. रानात मेंढरं बसवलेली असताना कुठं ठिणगी पडली की आई घोंगडंच टाकायची. अण्णाचं जुनं कुठं पडलं होतं देव जाणे. समोर एकच घोंगडं होतं. मी पळत गेले आणि ओरडले, "साहेब, घोंगडं द्या! घोंगडं द्या!"

साहेबांनी काय केलं माहीत हाय? घोंगडं छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागं सरकले. घाबरले असतील, माणूसच हाय. घाबरल्याचा मला राग न्हाई. पण त्यांची नजर माझ्याकडं नव्हती, जळणाऱ्या माणसाकडंबी नव्हती. त्या काठीवरच्या मोबाईलकडं होती. ह्याचा राग हाय, आणि तो मरेपर्यंत जायचा न्हाई.

मी घोंगडं धरून हिसडा दिला. साहेब हेलपाटले. अण्णावर घोंगडं टाकलं, त्याला खाली पाडलं, वरनं मी पडले. जाळ विझला.

बिदरच्या दवाखान्यात अण्णा लई दिवस होता. डॉक्टरांनी जीव तोडून केलं, पण बोटं आत वळलेली ती वळलेलीच राह्यली. आता कातर धरता येत न्हाई. मागाचा धोटा धरता येत न्हाई. भाकरीचा तुकडा मी मोडून देते. मागावर अर्धं घोंगडं तसंच ताणलेलं हाय, त्याच्याकडं पाठ करून तो बसतो.

आणि ती फिल्म! सगळ्यांच्या मोबाईलवर आली. सुरू होते ती घोंगडं अण्णाच्या अंगावर पडतंय तिथनं, आणि मी वरनं पडायच्या आत संपते. आधीचं समदं कापलेलं. माझा हातसुद्धा कापलेला. वर मोठ्या अक्षरात, साहेबांनी खांद्यावरचं मानाचं घोंगडं टाकून कार्यकर्त्याचे प्राण वाचवले! खाली हात जोडलेली चित्रं. वाचून अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मग मला सांगा, फिल्ममध्ये घोंगडं साहेबांनीच टाकलं असंल, तर मी माफी कशाची मागायची? समाजाच्या थोरल्यांना हे मी विचारलं. ते म्हणले, "अक्का, ते जगासाठी. आपल्याआपल्यात रीत ती रीत." वा रे रीत!

परवा सकाळी तेच लोक परत आले, संगं तो फिल्म काढणाराबी. पुढच्या महिन्यात करजगीकडं साहेबांची सभा हाय, तिथं अण्णासंगं आमच्या घरी आलेलं ते करपलेलं घोंगडं मंचावर दाखवायचंय. मी म्हणलं, "कामून द्यायचं? न्हाई देणार."

अण्णा मागाकडं पाठ करून बसला होता. तो म्हणला, "बाई, आण ते."

मी आणलं. त्यानं सांगितलं, "रीतीनं देतो. घडी माझ्या हातावर ठेव." मी ठेवली. तळहात उघडतच न्हाईत, घडी राहणार कशावर? मनगटांवर जरा टेकली, आणि घसरून भुईवर पडली. थोरले खाली बघायला लागले. उचलायला कुणी वाकलं न्हाई. मला वाटलं, आता तरी ह्यांना कळलं.

तेवढ्यात त्या फिल्मवाल्यानं खिशातनं मोबाईल काढला. डोळे ओले झाले होते त्याचे, खोटं कशाला सांगू. मोबाईल समोर धरून हळूच म्हणला, "अण्णा, परत एकदा धरा की."

मी त्याच्या दंडाला धरून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार लावलं. ह्याचीबी माफी मी मागणार न्हाई.