विजूचे दहा विक्रम

व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल घ्यावा की जुना, असं कुणी विचारलं की मी आवाज खाली आणून सांगतो, “जुनाच घ्या. नव्यात कुणी राहत नाही!” माझ्या जुन्या कन्सोलमध्ये विजू राहतो. शर्यतीच्या गेममधले दहाही विक्रम त्याचे होते. “हा कोण?” असं विचारल्यावर दुकानदार एवढंच म्हणाला, “त्याच्या आईनं विकायला आणला.”

मी जिंकलो की यादीत माझं नाव चढतं आणि विजूचं एक पुसलं जातं. आता एकच उरलंय. काल शेवटच्या वळणावर मी त्याच्याही पुढे होतो.

“अहो, जिंकताय!” बायको ओरडली.

मी गाडी भिंतीवर घातली. विजूचं नाव लुकलुकत राहिलं. भर दुपारी खोली गार पडली, आणि मला फार बरं वाटलं.