बापाच्या लढाईतल्या माश्या

समस्त मराठी वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की मराठी युद्धकथेतून माश्यांना कायमचे हद्दपार करण्यात आले आहे. हा निकाल अमरावतीच्या एका कॉलेजात, भर वर्गात लागला. आरोपी म्हणून मी उभा होतो. कृपया टाळ्या वाजवू नयेत.

पासष्टच्या लढाईनंतरचे दिवस. जो तो युद्धकथा लिहीत होता. कॉलेजच्या अंकासाठी मीही लिहिली. मराठीच्या सरांनी माझे कागद दोन बोटांच्या चिमटीत धरले. मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसे. दुसऱ्या हाताने रुमाल नाकाला लावला.

"खिडक्या उघडा रे," ते म्हणाले. "यांच्या कथेला वास येतोय."

वर्ग हसला. मुली पदरात तोंड घालून हसल्या. आणि सांगायला किळस वाटते, पण सांगतो. मीही हसलो.

कथा माझ्या बापाची होती. बाप दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात शिपाई होता. आता अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस उचलायचा. लढाईबद्दल बोलत नसे. फक्त जेवताना डावा पंजा भाकरीवर धरून बसायचा.

"बाबा, हात काहून ठेवता भाकरीवर?" मी एकदा विचारलं. तेव्हा तो बोलला. एकदाच.

त्याच्या तुकडीत एक हवालदार होता. बापाच्या हातचं पाणी प्यायचा नाही. तहानेने ओठ फुटले तरी नाही. तोच हवालदार बापाच्या शेजारी मेला. दोन दिवस प्रेत नेता येईना. माश्या आल्या. त्याच्या डोळ्यांवर, उघड्या तोंडात, फाटलेल्या पोटात. तिथून उठून बापाच्या ओठांवर. बाप दोन दिवस आपल्या टोपीने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत बसला.

"जित्ता असता त मले जवळ बसू देलं नसतं त्यानं," एवढंच म्हणाला अन् भाकर मोडली.

बस. हीच माझी कथा. माश्या काढल्या तर तिच्यात काही उरत नव्हतं.

सर फळ्याकडे वळले. मोठ्या अक्षरात 'प्रतिमा' लिहिलं, खाली रेघ ओढली. "युद्धकथेचा आशय असतो बलिदान. प्रतिमेनं त्याला उंच न्यायचं असतं. तुमची माशी त्याला उकिरड्यावर नेते. ही तुमच्या वस्तीची नजर आहे, साहित्याची नव्हे."

आम्ही बौद्ध होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. सरांच्या नाकाला ते कुणी कळवलं नव्हतं.

पण सर उदार हो! त्यांनी कथा फेकली नाही. सुधारली. रक्ताचं लाल कमळ केलं. माश्यांचे भुंगे केले, ते गुंजारव करू लागले. सडक्या वासाच्या जागी रानफुलांचा दरवळ सुटला. एवढं त्यांनी मला सांगितलं आणि मी मान डोलावली. अंकात नाव छापून येणार होतं ना! त्या नावासाठी मी बापाच्या ओठांवरची माशी विकली. 

स्नेहसंमेलनात कथा वाचायची होती. बाप एस.टी.ने अकोल्याहून आला. धुतलेला कोट घालून मागच्या रांगेत बसला. छापील अंक मला व्यासपीठावरच मिळाला. मी झोकात वाचू लागलो. कमळ आलं. भुंगे आले. सभागृह "वा!" म्हणालं. मी पान उलटलं.

आता तुम्हीच सांगा, भुंगे गुणगुणत असताना माझा बाप टोपी कशाला हलवेल? सरांनाही हा पेच पडला असावा. त्यांनी तो सोडवला होता. छापलं होतं, "आणि तो दोन दिवस त्या वीराला सलाम करीत उभा राहिला."

माझा बाप. त्या माणसाला. सलाम.

माशी गेली, तिच्याबरोबर टोपी गेली, टोपीबरोबर बापाचं माणूसपण गेलं. मागे उरला एक हुजऱ्या. पाणी नाकारणारा वीर झाला, आणि त्याच्या मढ्याची राखण करणारा त्याचा नोकर.

मी अंक मिटला. "हे मी लिहिलेलं नाही," म्हणालो आणि माझी कथा तोंडपाठ सांगू लागलो. डोळे. तोंड. पोट. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला. मी आणखी खणखणीत आवाजात सांगितलं. मजा आली, खोटं कशाला बोलू? तिथेच ठरलं. छापा नाहीतर जाळा, माझ्या कागदावरची माशी यापुढे कुणाला खोडू देणार नाही. सगळ्यात आधी माझ्या स्वतःच्याच हाताला नाही.

सर ताडकन उठले. "पुरे! युद्धभूमीवर भुंगे पाहणं ही कवीची दृष्टी असते! ती तुम्हाला..."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. बाप उभा होता. टोपी हातात.

"भुंगे कायचे जी! माश्या होत्या! अन् म्या सलाम नाई ठोकला त्याले, माश्या हाकलल्या!"