डबा बंद

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ज्या शाळेत मी टीचिंग असिस्टंट होतो, तिथल्या गणिताच्या बाई मूळच्या सांगलीच्या. मुलं त्यांना मिस म्हणत, मी मावशी. घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येत होतं आणि शाळेने प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला होता. आता गरीब-श्रीमंत भेद मिटणार, असं मी भेटेल त्याला ऐकवत होतो. मावशी मात्र वर्गात शिरताच म्हणत, "डबा बंद." थोड्याच दिवसांत घाना, जमैका, पोलंडकडची पोरंसुद्धा हा मराठी हुकूम ऐकून निमूट झाकण मिटू लागली.

"आलेख हाताने काढला की रेष कुठे वळते ते कळतं. त्या मशीनवर पोरं नुसते रेषेचे रंग बदलत बसतात," ट्रॅममध्ये त्या मला सुनावत.

"मावशी, तुम्ही प्रगतीच्या आड येताय."

"येते. तू आधी सरक, मला बसू दे."

पुढे काही लॅपटॉप फुटले. हेडनी स्टाफ मीटिंगमध्ये जाहीर केलं, की यापुढे मशीन घरी न्यायची नाहीत, शाळेच्या कपाटात राहतील. मी मनात जोरदार भाषण जुळवत होतो, तेवढ्यात मावशी उभ्या राहिल्या.

"घरी नेऊ द्या त्यांना."

हेड हसले. "तुम्ही तर ती उघडूही देत नाही."

"माझ्या तासाला मी असते," मावशी म्हणाल्या. "घरी आई-बाप शिफ्टवर. गणित अडलं तर पोरांनी विचारायचं कुणाला?"

त्या संध्याकाळी सगळी मशीन घरी गेली.