खिंडीतून घरी नेलेलं पान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी माझा ब्लॉग आहे, आणि तो मी कुणाकडून लिहून घेत नाही. मी फोनपुढे बोलतो, फोन अक्षरं उमटवतो, चुका मी बोटाने काढतो. पान तेवढं महाडच्या बाजारातल्या मोबाइलवाल्याने बांधून दिलं. आखातात बरीच वर्षं काढून आलेला, हौशी माणूस. त्याने वरून पडणारी फुलं लावली, बाजूला फिरती चित्रं लावली. मी ते पान गावभर दाखवत हिंडलो, खोटं कशाला बोलू.

पावसाळा सरल्यावर मी अक्काबद्दल लिहिलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. उमरठच्या वर डोंगरातल्या वाडीवर राहते, म्हशी पाळते. लहानपणी दरडीवरून पडून माझा पाय मोडला, तेव्हा तिने मला पाठीवर घेऊन पोलादपूरपर्यंत उतरवलं होतं. ते सगळं लिहिलं आणि वाट पाहत बसलो. तिचा फोन आला. म्हणाली, "वाचलं रे. बरं हाय."

बरं हाय! मी आतून खट्टू झालो. पण विचारायचं कशाला? मलाही मान आहे.

दिवाळीला वाडीवर गेलो तर तिनेच विषय काढला. "लिहितोस बरा, पण दोन ओळींत दमतोस कसा रे?"

"दोन ओळी? बोलून बोलून घसा बसला माझा!"

"मग ह्ये काय हाय?"

तिने फोन पुढे केला. माझ्या लेखाच्या पहिल्या, पावसाच्या दोन ओळी आणि खाली निळं बटण, 'पुढे वाचा'. मी दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं.

वाडीवर नेटवर्क नाही. ते मिळतं वरच्या खिंडीत. गवताला गेलेल्या बाया तिथे फोन उघडतात, जे येईल ते घेऊन उतरतात.

"तिथंच का नाय वाचत?"

"डोईवर भारा, चष्मा घरात. वाचू कशी? तुझ्यासारखी रिकामी हाय का मी?"

म्हणजे इतके महिने अक्का माझ्या प्रत्येक लेखाचं फक्त तोंड घरी नेत होती. मला चैन पडेना. फोनमध्ये काय येऊन राहतं, काय राहत नाही? सकाळी तिच्याबरोबर खिंडीत गेलो. बाजारभावाचं एक साधं पान उघडलं, खाली घरात आणून पाहिलं, तर शेवटापर्यंत शाबूत. परत चढलो, माझं उघडलं. आधी फुलं पडायला लागली. अक्षरांचा पत्ताच नाही. अक्का हसायला लागली, "फुलं टाकतोस कुणावर रे?"

महाडला उतरलो तो थेट दुकानात. "बटण काढ. फुलं काढ. फिरती चित्रं काढ. पान उघडलं की अख्खा लेख आला पाहिजे."

"काका, बटण सगळ्यांकडं असतं."

"सगळ्यांची बहीण खिंडीत चढत नाय."

"पान टकलं दिसेल."

"दिसू दे. मालकही तसाच हाय."

तो हसला आणि कामाला लागला. एकेक वस्तू निघत गेली तसं पान झटकन उघडायला लागलं. मी दर वेळी त्याला थांबवून विचारत होतो, आता कशाचं वजन गेलं? शेवटी पांढऱ्यावर काळी अक्षरं राहिली. थोडं ओकंबोकं वाटलं. अक्काला निरोप धाडला, पुन्हा उघडून बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. धापा टाकत होती. मागे वाऱ्याचा आवाज.

"पाय डावा मोडला व्हता तुझा. उजवा काय लिहिलास?"

"माझा पाय मला ठाऊक नाय?"

"उचलला कुणी व्हता? मला ठाऊक! आणि वाटेत मी रडले नव्हते. ते काढ आधी."

घरी बसून वाचलेलं तिला पटलं नव्हतं, म्हणून भर उन्हात ती पुन्हा खिंड चढून आली होती.

"नाय काढणार," मी म्हणालो. "रडली व्हतीस तू."

"मग ऐक," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.