ढिगाऱ्याखालचा सूर

पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरांत होतं. मी इंजिनिअर कंपनीत सुभेदार. हाताखाली एक प्लाटून आणि एक जेसीबी. दरड कोसळली की रस्ता मोकळा करायचा, एवढंच काम. सकाळी ढग बराकीत शिरायचे. पीटीला पुढच्या माणसाचे बूट तेवढे दिसायचे. नाईक दिनेश परब म्हणायचा, "साहेब, आपण मेलोबिलो तर नाय ना?" परब जोगेश्वरीचा, मी मुलुंडचा. मुंबईची टिमकी वाजवून आम्ही बाकीच्यांना नको नको करायचो.

एका शनिवारी दुपारी भूकंप झाला. खालचं गाव जवळजवळ सगळं बसलं. थोड्याच वेळात चर्चची माणसं मदत मागायला पोस्टवर आली, पुढे पाद्री. रविवारच्या गाण्याचा सराव चालू असताना चर्चचं छप्पर आत आलं होतं. बाकीचे बाहेर पडले, रुआती नावाची मुलगी अडकली होती.

आम्ही पोचलो. मी जेसीबी चालू करायला लावला, तर पाद्री बकेटसमोर उभा.

"साहब, मशीन बंद. हम गाएगा. नीचे वाला भी गाएगा."

माझं डोकंच फिरलं. पण ती नेमकी कुठे आहे हे न कळता बकेट टाकला असता, तर उरलेलं छप्परही तिच्यावर गेलं असतं. मी कंपनी कमांडरना रेडिओवर कळवलं.

"मशीन बंद ठेवतोय. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

"गाणं ऐकायचंय सर. ओव्हर."

"रॉजर."

त्या गावात चर्चचं गाणं चार निरनिराळ्या सुरांत एकदम म्हणतात. कोणाचा सूर कोणता, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तोवर ढग खाली उतरला होता; त्यात उभं राहून गाव गाऊ लागलं. चेहरे दिसत नव्हते, डोंगरच गातोय असं वाटत होतं. मी कुठे आहे, कशाला आलोय, क्षणभर काही आठवेना. फार बरं वाटलं, हे खरं सांगतो.

मग गाव थांबलं. खालून बारीक आवाज येत राहिला. आम्हाला ते कण्हणं वाटलं. पाद्री म्हणाला, "रुआती. उसका ही सूर है."

तिने थांबू नये म्हणून गाव पुन्हा हळू आवाजात गायला लागलं, ती साथ देत राहिली आणि परब त्या आवाजाच्या रोखाने आडवा होऊन आत सरकला.

"परब, दिसतेय का?"

"हात लागला साहेब! पाय तुळईखाली आहे. मी पलीकडून सोडवतो. गाणं थांबवू नका."

त्याने पाय सोडवला, तिला मागून ढकललं. आम्ही खांदे धरून ओढलं. ती बाहेर आली आणि जमीन पुन्हा हलली. छप्पर बसलं. मी परबला हाका मारत राहिलो. गाव एकेक करून गप्प झालं.

रुआती आता अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी चर्च सुटलं की परबच्या आईकडे जाते. कधी कधी मीही जातो. परवा काकू तिला म्हणाल्या, "तेव्हा म्हटलेला ता गाणा म्हण गो, चेडवा."

"आई, माझा एकटीचा सूर गाण्यासारखा नाही लागत."

"लागांदे. म्हण."

तिने म्हटलं. खरंच ते गाणं वाटत नव्हतं. कोणीतरी एकटंच काहीतरी मागतंय, तसं वाटत होतं. काकू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता कळला. हिका अशी एकटी सोडून माझो दिनेश येवचो नाय."