देवकापसाची दोन रोपं

आमच्या शेताच्या बांधावर आईचं देवकापसाचं झाड होतं. शेतातला कापूस विकायला आणि झाडाचा देवाला, असा तिचा नेम. यंदा तिने त्याच्याच लाखवातींचा नवस बोलला. माझं लग्न जमावं म्हणून, मला न विचारता.

बांधापलीकडे चुलतकाकांचं शेत. गेल्या वर्षापासून ते चोर बीटी लावतात, म्हणजे तणनाशकाने न मरणारी, परवानगी नसलेली कपाशी. या पावसाळ्यात त्यांनी मारलेलं तणनाशक वाऱ्याने बांधावर आलं. आईचं झाड वाळलं. खाली पडलेल्या सरकीतून उगवलेली रोपंही पिवळी पडून गेली. दोनच उरली, हिरवीगार.

"बघितलंस? देवाचं हाय, मरत नसतंय," म्हणत आईने त्यांना हळदकुंकू वाहिलं.

मी समजावलं. गेल्या वर्षी दोन्हीकडे एकदमच फुलं होती, मधमाश्या इकडून तिकडे जायच्या. या दोन रोपांचा बाप काकांच्या शेतातला आहे, म्हणून ती वाचली. खरी देवकापसाची होती ती मेली. हे मी शाळेत इंग्रजीतून शिकलेले. मराठीत सांगताना अडखळत होते. 'बाप' ऐकून बांधापलीकडे उभे असलेले काका हसले.

"वहिनी, पोरगी रोपांच्या सोयरिकी सांगायलीय. सोताची कधी?"

मी आईकडे वळले. निदान जुनी सरकी तरी जपून ठेव, म्हटलं, तर ती कधीच म्हशीपुढे गेली होती.

"दोन रोपं हायेत की!" आई म्हणाली.

दिवाळीनंतर बोंडं फुटली. आई ओसरीवर वाती वळायला बसली. देवकापसाची सरकी काळी, गुळगुळीत. कापूस बोटांनी अलगद सुटतो. हा सुटेना. सरकीवर करडी लव, कापूस तिला घट्ट धरून. तिने दुसरं बोंड सोललं, मग आणखी एक. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला ठाव व्हतं तर सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं."

"इंग्रजीत सांगितलं असशील."

तिने वालूरला मामाला फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"दादा, परसातल्या देवकापसाची सरकी ठिव माझ्यासाठी. आन् आधी सांग, शेजाऱ्यानं काय लावलंय?"

"कपाशीच की," मामा म्हणाला. "दुसरं काय लावणार?"