सत्यभामाबाईंची नवमी

मेहकरात उकंडराव मास्तरांएवढा मोठा लेखक नव्हता, असं एकटे उकंडराव मास्तरच म्हणत. पेन्शनीत निघाल्यावर, सहासष्ट साली, त्यांनी पदरचं घालून आत्मचरित्र छापलं. गावानं ते फुकट घेतलं आणि न वाचता फडताळात टाकलं.

"मराठी माणसाले साहित्य समजत नाही," मास्तर म्हणाले. "उर्दूवाल्याले दर्द समजते. याचं उर्दू होऊ दे, लखनौ हालते का नाही ते पाहा."

सत्यभामाबाई भाकऱ्या थापत ऐकत होत्या. तेहतीस वर्षांत ज्यानं पाण्याचा पेला हातानं भरून घेतला नाही, तो बाप्पा लखनौ हालवायला निघाला होता.

शेजारी राहणाऱ्या, उर्दू शाळेतल्या कय्यूम मास्तरांनी भिडेपोटी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करायचं कबूल केलं. लिहिलेलं कानाला कसं लागतं ते पाहायला ते रोज बायकोला, नसीमाला, वाचून दाखवत. त्या पुस्तकाला पहिले वाचक मिळाले ते असे.

एक दिवस नसीमा कुंपणाशी आली. तिला हसू आवरत नव्हतं आणि सांगायची भीतीही वाटत होती.

"भाभी, तुमी तर तिसऱ्याच धड्यात मेल्या."

"कोन, मी?"

"हाव. पटकीनं. मंग तुमच्या मास्तरनं एकट्यानं लेकरं वाढवली म्हंते. सोताच्या हातानं भाकरी थापून."

मरणाचं सत्यभामाबाईंना काही वाटलं नाही. भाकरी मात्र झोंबली. त्या तडक घरात गेल्या.

"मले पुस्तकात जित्ती करा."

"अडाणीच आहेस," मास्तर म्हणाले. "वाचकाले रडू याव लागते. तुह्या जगण्यात काय साहित्य आहे?"

पितृपक्ष लागला होता. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी नवमीला. त्या दिवसासाठी बाईंनी गल्लीतल्या पाच सवाष्णी जेवायला सांगून टाकल्या. नवमीला सकाळी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून त्या पाटावर जाऊन बसल्या.

"सैपाक?" मास्तरांनी विचारलं.

"मेलेल्या बाईनं आपल्याच तिथीले रांधाव का? तुमाले येते. पुस्तकात लिवलं आहे."

सवाष्णी आल्या तेव्हा मास्तरांच्या मिशीला पीठ लागलं होतं, भाकऱ्यांचे तुकडे झाले होते आणि खीर करपली होती. त्यांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "मास्तर, पान कोनाच्या नावाचं? नाव घेतल्याबिगर पोचत नाही."

मास्तरांनी पाटावरच्या बायकोकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. लखनौ हालवणाऱ्याला तेवढं एक नाव तोंडातून काढता येईना.

"चुकलं माहं," ते शेवटी म्हणाले.

"मले काऊन सांगता? पुस्तकात खोडा, मंग वाढा."

कय्यूम मास्तरांना तर्जुम्याच्या वहीसकट बोलावलं. ते ओळींवर बोट ठेवत गेले आणि उकंडराव खोडत गेले. मराठी प्रतींची बाईंनी घाई केली नाही. त्या तशाही कोणी वाचत नव्हतं.